मिनजीडब्ल्यूची डीएलएल, व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट: जोडली जात नाही, जोडली तर चालत नाही

विंडोजवर एका कंपायलरने बांधलेली लायब्ररी दुसऱ्या कंपायलरच्या प्रोजेक्टला जोडायची, हे काम वरवर पाहता पाच मिनिटांचं वाटतं. फाइल हाताशी आहे, हेडर आहे, पाथ दिला की झालं. प्रत्यक्षात घोडं इथेच पेंड खातं. हा घोळ मी इतक्यांदा निस्तरला आहे की आता एरर वाचूनच साधारण कळतं कुठे अडलंय ते.

इथे दोनच गोष्टी धरल्या आहेत: व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर, म्हणजे एमएसव्हीसी, आणि मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ (जीसीसी कंपायलर विंडोजवर आणणारा संच) मधला जीसीसी. भाषा सी आणि सी++. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी एफएफटीडब्ल्यू ही फूरिये रूपांतराची सी लायब्ररी घेतली आहे, कारण या लायब्ररीत एकूणएक खड्डे सापडतात. तिच्या विंडोजसाठीच्या तयार झिपमध्ये डीएलएल (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी), डेफ फाइल (डीएलएलमधल्या नावांची यादी) आणि हेडर असतं, लिंकरला लागणारी डॉट लिब नसते. (फाइलींची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

लक्षणं

आधी तुमचा बिघाड कोणत्या टप्प्यावर होतोय ते बघा. लिंक करताना (म्हणजे सगळे तुकडे जोडून ईएक्सई बनवताना), प्रोग्राम सुरू होताना, की सुरू होऊन काही वेळाने? निम्मं निदान यातच होतं.

लिंक करताना एमएसव्हीसीत दिसणारे एरर:

- एलएनके२०१९, अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल. हेडर मिळालं, पण फंक्शन कुठे आहे ते लिंकरला सापडलं नाही.
- एलएनके११०७, इनव्हॅलिड ऑर करप्ट फाइल. बहुतेक वेळा थेट डीएलएलच लिंकरच्या यादीत टाकलेली असते.
- एलएनके१११२, मशीन टाइपचं भांडण. ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ.
- एलएनके२०३८, मिसमॅच डिटेक्टेड. डीबग आणि रिलीज एकत्र आलेत किंवा रनटाइम (मॅलॉक, प्रिंटएफसारखी मूळ फंक्शनं पुरवणारी लायब्ररी) वेगळं आहे.

मिनजीडब्ल्यूकडून ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ येतं, नाहीतर ‘स्किपिंग इन्कम्पॅटिबल’ असं म्हणत ते तुमची फाइल ओलांडून पुढे जातं. अनडिफाइन्ड रेफरन्सच्या यादीत सिक्युरिटी_चेक_कुकी किंवा जीएसहँडलरचेक अशी तुम्ही कधीच न लिहिलेली नावं असतील, तर एमएसव्हीसीची स्टॅटिक (ईएक्सईतच मिसळली जाणारी) लायब्ररी मिनजीडब्ल्यूच्या गळ्यात मारली गेली आहे.

प्रोग्राम सुरू होताना: ०एक्ससी००००१३५ म्हणजे एखादी डीएलएल सापडलीच नाही. ०एक्ससी०००००७बी म्हणजे सापडली, पण बहुधा चुकीच्या बिटची. ०एक्ससी००००१३९ म्हणजे नावाची डीएलएल मिळाली, पण आतलं हवं ते फंक्शन तिच्यात नाही.

सुरू झाल्यावर: ०एक्ससी००००३७४, म्हणजे हीप करप्शन, प्रोग्रामच्या मेमरीचा हिशोब बिघडणं. किंवा कोसळत काहीच नाही आणि उत्तरं चुकीची येतात. हा शेवटचा प्रकार सर्वांत महागात पडतो.

पहिलं: कोणती खिडकी उघडली आहे?

स्टार्ट मेन्यूत व्हिज्युअल स्टुडिओचे तीन-चार कमांड प्रॉम्प्ट असतात. नुसता ‘डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट’ उघडला तर तो ३२ बिटची साधनं पुढे करतो. ६४ बिटसाठी ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’ असं नाव असलेला उघडावा लागतो. एमएसवायएस२ (मिनजीडब्ल्यू आणि त्याच्या लायब्ररी पुरवणारं वातावरण) वापरत असाल तर तिथेही मिनजीडब्ल्यू६४, यूसीआरटी६४, क्लँग६४ अशा वेगवेगळ्या खिडक्या आहेत. त्यातल्या एकीत बांधलेली लायब्ररी दुसरीत घेऊन गेलात तर कंपायलर न बदलताही हाच घोळ होतो. मिनजीडब्ल्यू६४ जुनं एमएसव्हीसीआरटी वापरतं, तर यूसीआरटी६४ नवं युनिव्हर्सल सी रनटाइम. २०२२ पासून एमएसवायएस२ ने यूसीआरटी६४ हेच मूळ वातावरण ठरवलं आहे. त्यामुळे जुनं ट्युटोरियल आणि नवं इन्स्टॉलेशन अशी जोडी जमली की ही गडबड ठरलेलीच.

याला खर्च शून्य. खिडकी बंद करा, योग्य ती उघडा, पुन्हा बांधा.

दुसरं: तुमच्या कंपायलरची प्रत आधीच मिळत असेल

एसडीएल२ चे विकासकांसाठीचे झिप दोन असतात, एक व्हीसीचं आणि एक मिनजीडब्ल्यूचं. क्यूटच्या इन्स्टॉलरमध्येही दोन्ही पर्याय वेगवेगळे दिसतात. ओपनसीव्हीच्या विंडोज पॅकेजमध्ये मात्र व्हीसी१५, व्हीसी१६ अशा नावांचे फोल्डर असतात. नावातलं व्हीसी म्हणजे एमएसव्हीसी. व्हीएस कोडमध्ये मिनजीडब्ल्यू बसवून कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते फोल्डर जोडणारी मुलं दरवर्षी त्याच अनडिफाइन्ड रेफरन्सवर येऊन आदळतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं: एमएसवायएस२ च्या पॅकमन या पॅकेज बसवणाऱ्या साधनातून ओपनसीव्ही बसवा, नाहीतर मुकाट्याने व्हिज्युअल स्टुडिओ वापरा. ओपनसीव्हीचा इंटरफेस सी++ चा आहे. तिथे कुठलीही युक्ती चालत नाही; का ते पुढे येतंच.

तिसरं: ३२ की ६४

अंदाज बांधू नका, फाइललाच विचारा. व्हिज्युअल स्टुडिओच्या डंपबिन या साधनाला /हेडर्स हा पर्याय देऊन डीएलएल किंवा लिब दाखवा. मशीनच्या ओळीत ८६६४ आलं तर ६४ बिट, १४सी आलं तर ३२ बिट. मिनजीडब्ल्यूकडे ऑब्जडंप आहे. त्याला -एफ दिलं की पीईआय-एक्स८६-६४ किंवा पीईआय-आय३८६ असं उत्तर मिळतं.

जाता जाता: ६४ बिट विंडोजमध्ये ६४ बिटच्या डीएलएल सिस्टम३२ मध्ये असतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असंच आहे. म्हणून ‘सिस्टम३२ मध्ये डीएलएल टाकून बघ’ हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. त्याने एक प्रोग्राम चालेलही, पण इतर प्रोग्रामना भलतीच प्रत मिळायला लागेल.

चौथं: डीएलएल सापडते का, आणि तीच सापडते का

विंडोज सर्वांत आधी ईएक्सईच्या शेजारी बघतं, मग सिस्टम फोल्डरांत, आणि पाथमध्ये (विंडोजने शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) अगदी शेवटी. तपासणीपुरती डीएलएल ईएक्सईच्या शेजारी ठेवली की बाकीचे संशयित आपोआप बाद होतात.

मिनजीडब्ल्यूच्या डीएलएलसोबत तिचं लटांबरही लागतं: लिबजीसीसी_एस_एसईएच-१, लिबएसटीडीसी++-६, लिबविनपीथ्रेड-१. कोण कोण लागतं ते डंपबिन /डिपेंडंट्स किंवा ऑब्जडंप -पी दाखवतं. त्या प्रत्येकीसाठीही हेच पुन्हा करायचं. डिपेंडन्सी वॉकर हे जुनं साधन विंडोज १० वर एपीआय-एमएस-विन अशा नावांबद्दल ढिगाने खोट्या तक्रारी करतं, तिकडे लक्ष देऊ नका.

खरा त्रास होतो तो १३९ वाल्या एररचा. लिबएसटीडीसी++-६ नावाची डीएलएल तुमच्या मशीनवर एकाच ठिकाणी असेल असं समजू नका. मिनजीडब्ल्यूत बांधलेलं कितीतरी सॉफ्टवेअर आपापली प्रत सोबत आणतं आणि स्वतःचा फोल्डर पाथमध्ये घुसवतं. ‘व्हेअर’ कमांडला त्या डीएलएलचं नाव द्या, पाथमधल्या सगळ्या प्रती क्रमाने दिसतील. पॉवरशेलमध्ये व्हेअर.ईएक्सई असं पूर्ण लिहा, नुसतं व्हेअर तिथे वेगळंच काहीतरी करतं. पहिल्या नंबरावर जुनी प्रत असेल तर चोर सापडला. लायब्ररी तुम्हीच बांधत असाल तर -स्टॅटिक-लिबजीसीसी आणि -स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ देऊन हे लटांबर डीएलएलच्या पोटातच टाका. पीथ्रेडसकट सगळं आत हवं असेल तर सरळ -स्टॅटिक.

पाचवं: इम्पोर्ट लायब्ररी

माझ्याकडे आलेली बहुतेक सी लायब्ररींची प्रकरणं इथे सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

डीएलएल हा विंडोजचा प्रकार आहे, कंपायलरचा नाही. दोन्ही कंपायलर एकाच पीई स्वरूपात फाइल लिहितात. ६४ बिटवर सी फंक्शनला हाक मारायची पद्धतही दोघांची एकच. म्हणजे सी इंटरफेसची डीएलएल कोणत्या कंपायलरने बांधली याने लिंकरला फरक पडत नाही. अडतं ते इम्पोर्ट लायब्ररीपाशी. ही छोटी फाइल म्हणजे डीएलएलच्या दारावरची पाटी: आत कोण राहतं तेवढंच तिच्यावर असतं, फंक्शनचा कोड नसतो. एमएसव्हीसीला ती डॉट लिब रूपात लागते, मिनजीडब्ल्यू डॉट डीएलएल डॉट ए अशी बनवतं. मिनजीडब्ल्यूचा लिंकर पाटीशिवाय थेट डीएलएलही वाचतो. एमएसव्हीसीचा वाचत नाही आणि एलएनके११०७ फेकतो.

मग पाटी आपणच रंगवायची. एफएफटीडब्ल्यूची डेफ फाइल झिपमध्येच असते. एक्स६४ च्या खिडकीत जाऊन:

लिब /डेफ:लिबएफएफटीडब्ल्यू३-३.डेफ /मशीन:एक्स६४

यातून डॉट लिब आणि डॉट ईएक्सपी अशा दोन फाइली निघतात. डॉट लिब प्रोजेक्टला द्या, डॉट ईएक्सपी विसरून जा. /मशीन गाळू नका. गाळलंत तर लिब स्वतःच्या मनाने ठरवतं, आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही.

एसक्यूलाइटच्या तयार विंडोज झिपमध्येही अशीच डीएलएल आणि डेफ मिळते. तिथेही हीच ओळ, फक्त नाव बदलून.

डेफ नसेल तर मिनजीडब्ल्यूच्या जेनडेफला डीएलएल द्या, तो लिहून देतो. तोही हाताशी नसेल तर डंपबिन /एक्सपोर्ट्स चालवून नावांची यादी काढा आणि नोटपॅडमध्ये स्वतः लिहा: पहिल्या ओळीत लायब्ररी हा शब्द आणि डीएलएलचं नाव, दुसरीत एक्सपोर्ट्स, मग एका ओळीत एक नाव. त्या पहिल्या ओळीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. तिथलं नाव इम्पोर्ट लायब्ररीत जसंच्या तसं कोरलं जातं. नंतर कुणी ‘सुटसुटीत दिसावं’ म्हणून डीएलएलचं नाव बदललं, की लिंक निर्धास्त होते आणि चालवताना १३५ येतो. मग माणूस पाथ तपासत बसतो, आणि पाथमध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

उलट दिशेने, एमएसव्हीसीची डीएलएल मिनजीडब्ल्यूला हवी असेल तर मिनजीडब्ल्यूच्या डीएलएलटूलला -डी ने डेफ, कॅपिटल -डी ने डीएलएलचं नाव आणि -एल ने बनवायच्या फाइलचं नाव द्या. नाहीतर थेट डीएलएलच लिंक करा.

मिनजीडब्ल्यूची डॉट डीएलएल डॉट ए थेट व्हिज्युअल स्टुडिओला देणारेही भेटतात. कधी चालते, कधी नाही. डेफवरून नवीन लिब करायला अर्धं मिनिट लागतं, मग उगाच जुगार कशाला?

आणखी एक बारकावा. डीएलएलमधून फंक्शनऐवजी व्हेरिएबल बाहेर काढलेलं असेल, उदाहरणार्थ एफएफटीडब्ल्यू_व्हर्जन, तर हेडरमध्ये डीएलएलइम्पोर्ट (हे डीएलएलमधून येतंय असं सांगणारी खूण) लागतंच. मिनजीडब्ल्यू ते मागच्या दाराने जमवून घेतं, एमएसव्हीसी घेत नाही. एफएफटीडब्ल्यूसाठी हेडर घेण्याआधी एफएफटीडब्ल्यू_डीएलएल हा मॅक्रो डिफाइन करा, म्हणजे हे आपोआप होतं.

सहावं: नावं जुळतात का

एररमधलं नाव आणि डीएलएलमधलं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोन इंट घेऊन इंट परत देणारं एरिया नावाचं सी++ फंक्शन एमएसव्हीसी असं लिहितं:

?एरिया@@वायएएचएचएच@झेड

आणि जीसीसी असं:

_झेड४एरियाआयआय

यांची गाठ कधीच पडणार नाही. एररमध्ये प्रश्नचिन्हाने सुरू होणारं नाव आणि डीएलएलमध्ये नुसतं ‘एरिया’ असेल तर फक्त हेडरमध्ये एक्स्टर्न सी (नाव सीसारखं साधंच ठेव, असं सांगणारी खूण) राहिलंय. सी++ साठीचा इफडेफ लावून ते घाला, प्रश्न मिटला. डीएलएलमध्येच _झेड असेल तर लायब्ररी सी++ ची आहे. तेव्हा डेफमध्ये नावं बदलून लिंकरची समजूत घालता येते, पण तसं करू नका. नावं वेगळी ठेवली आहेत कारण आतली मांडणीही वेगळी आहे. नाव जुळवलंत तर लिंक करताना येणारा एरर ग्राहकाकडच्या क्रॅशमध्ये बदलतो.

३२ बिटमध्ये एसटीडीकॉल (हाक मारायची एक पद्धत) फंक्शनच्या नावामागे @८ असं शेपूट लागतं. एमएसव्हीसी त्याआधी अंडरस्कोरही ठेवतं, मिनजीडब्ल्यूच्या डीएलएलमध्ये तो नसतो. डीएलएलटूलचा -के पर्याय शेपूट छाटतो. ६४ बिटवर ही भानगडच नाही, आणि ३२ बिट सोडून द्यायला एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

सातवं: ज्याने घेतलं त्यानेच सोडायचं

लिंक झाली, चालली, आणि मग ३७४. इथून पुढे कठीण.

एकाच प्रोसेसमध्ये दोन सी रनटाइम नांदत असतात. तुमची ईएक्सई यूसीआरटीवर, एफएफटीडब्ल्यूची डीएलएल एमएसव्हीसीआरटीवर. डीएलएलच्या मॅलॉकने घेतलेली मेमरी ईएक्सईच्या फ्रीने सोडली, तर एका रनटाइमच्या हिशोबातला तुकडा दुसऱ्याच्या हवाली होतो. दोन्ही बाजू एमएसव्हीसीच्याच असल्या तरी /एमडी, /एमटी, /एमडीडी या रनटाइम निवडणाऱ्या पर्यायांची सरमिसळ असेल तर हेच होऊ शकतं. डीबग रनटाइम प्रत्येक तुकड्याला स्वतःची नोंद चिकटवतं, रिलीज चिकटवत नाही. म्हणूनच ‘रिलीजमध्ये चालतं, डीबगमध्ये कोसळतं’ हे लक्षण दिसलं की मी थेट इथे येतो.

एफएफटीडब्ल्यूने यावर स्वतःची मॅलॉक आणि फ्री दिली आहेत. तीच वापरायची, जोडीनेच वापरायची. फाइल पॉइंटरचंही तेच: एफओपन तुमच्या रनटाइमचं असेल तर तो पॉइंटर दुसऱ्या रनटाइमच्या हातात द्यायचा नाही. विस्डम (एफएफटीडब्ल्यूने शोधलेल्या वेगवान गणनेच्या योजना) साठवायला एफएफटीडब्ल्यूत दोन फंक्शनं आहेत, एक फाइल पॉइंटर घेणारं आणि एक फाइलचं नाव घेणारं. दुसरं वापरा.

एसटीडी स्ट्रिंग, व्हेक्टर आणि एक्सेप्शन यांना तर सीमा ओलांडूच द्यायची नाही. दोन्हीकडे स्ट्रिंग हे एकच नाव असलं तरी आतले बाइट वेगळे.

आठवं: आकार

लाँग डबल. एमएसव्हीसीत ८ बाइट, ६४ बिट मिनजीडब्ल्यूत १६. एफएफटीडब्ल्यूच्या झिपमध्ये एफ, एल आणि बिनअक्षरी अशा तीन डीएलएल असतात. एल म्हणजे लाँग डबल. समजा तुम्ही व्हिज्युअल स्टुडिओत १,०२४ कॉम्प्लेक्स संख्यांचा बफर घेतला. तुमच्या साइझऑफप्रमाणे तो १६,३८४ बाइटचा. डीएलएल मात्र ३२,७६८ बाइट आहेत असं धरून वाचते आणि लिहितेही. एरर कुठलाच येत नाही. एल वाली डीएलएल एमएसव्हीसीतून वापरू नका, बाकी दोन बिनधास्त वापरा.

स्ट्रक्ट पाठवत असाल तर दोन्ही बाजूंनी साइझऑफ आणि प्रत्येक फील्डचा ऑफसेट छापून ताडून बघा. कंटाळवाणं आहे, पण अंदाजापेक्षा स्वस्त.

नववं: स्टॅटिक लायब्ररी

इकडची डॉट ए तिकडे, तिकडची डॉट लिब इकडे: नको. दोघांच्या ऑब्जेक्ट फाइली कॉफ स्वरूपाच्या असल्यामुळे थोडं पुढे जाता येतं, आणि तोच सापळा आहे. मग चेकस्टॅक, मिनजीडब्ल्यूचे स्वतःचे प्रिंटएफ, सिक्युरिटी कुकी अशी कंपायलरची खासगी नावं एकामागून एक मागितली जातात. ती पुरवत बसणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. /जीएल (पूर्ण प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन लिंकवर सोपवणारा पर्याय) देऊन बांधलेली एमएसव्हीसीची लिब तर दुसऱ्या कुणाला वाचताही येत नाही.

सोर्स असेल तर आपल्या कंपायलरने पुन्हा बांधा. सीमेक (बांधणीचं साधन) वापरलेलं असेल तर बहुतेक वेळा एका दुपारचं काम. सी++ लायब्ररी मूळ कंपायलरमध्येच ठेवणं भाग असेल तर तिच्याच कंपायलरने भोवती सीचं पातळ कवच बांधा: एक तयार करणारं फंक्शन, एक नष्ट करणारं, मधे अपारदर्शक पॉइंटर, उत्तर म्हणून एरर क्रमांक, आणि प्रत्येक फंक्शनच्या आत सगळी एक्सेप्शन पकडणारा कॅच. हे कवच डीएलएल म्हणून बाहेर काढा, मग पाचव्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात.

एमएसव्हीसीच्याच दोन आवृत्त्यांचा प्रश्न असेल तर एवढं करावं लागत नाही. २०१५ पासूनची साधनं एकमेकांशी जुळतात, फक्त शेवटची लिंक त्यातल्या सर्वांत नव्या लिंकरने करायची (/जीएल वापरलं असेल तर हे लागू नाही). २०१३ आणि त्याआधीचं मात्र जुळत नाही.

कुठे थांबायचं

सोर्स नाही, इंटरफेस सी++ चा, बांधणी दुसऱ्या कंपायलरची: लगेच थांबा. ही अडचण तुमच्या कौशल्याने सुटणारी नाही. ज्यांनी लायब्ररी विकली त्यांच्याकडे तुमच्या कंपायलरची बांधणी किंवा सी इंटरफेस मागा. पैसे मोजून घेतलेली असेल तर हे मागायला संकोच कसला?

हीप करप्शन फक्त ग्राहकाच्या मशीनवर होतंय आणि सातव्या-आठव्या तपासणीत काही हाती लागलं नाही, तर डंप (क्रॅशच्या क्षणी घेतलेली मेमरीची प्रत) वाचता येणाऱ्या माणसाला बोलवा. विनडीबीजी आणि पेज हीप या बिघाड शोधायच्या साधनांची सवय असलेला माणूस जे एका बैठकीत काढतो, त्यापायी नवख्याचा आठवडा जातो. आणि ही लायब्ररी औषधाचा डोस मोजत असेल, यंत्र हलवत असेल किंवा पैशाचा हिशोब करत असेल, तर ‘आता चालतंय’ एवढ्यावर ती पुढे पाठवू नका. दोन्ही कंपायलर जाणणाऱ्याकडून सीमारेषा तपासून घ्या.

मदत मागताना सोबत एवढं द्या: दोन्ही कंपायलरची नावं आणि आवृत्त्या, कोणत्या खिडकीत बांधलं ते, डीएलएलच्या हेडर्स, डिपेंडंट्स आणि एक्सपोर्ट्सचं आउटपुट मजकूर म्हणून, पूर्ण लिंक कमांड, आणि पहिला एरर. शेवटचा नव्हे, पहिला. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यातून ते @@ वाचता येत नाहीत.